सोयाबीन पिवळं पडलंय: मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारू का? उतारा खरंच वाढतो का?

तिफण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोयाबीन महिन्याचं झालंय, फुलं यायला आठ-दहा दिवस असतील. जमीन भारी, काळी, चुनखडीची. आठवडाभर पाऊस लागून राहिला आणि त्यानंतर शेताच्या सखल भागात शेंड्याची पानं पिवळी, काही तर पांढुरकी झाली आहेत. शिरा मात्र हिरव्या. उंचवट्यावरचं पीक ठीक दिसतंय, फक्त जरा बुटकं वाटतं.

पेरणीआधी माती तपासली होती, आकडे देतो: सामू (पीएच) ८.२, मुक्त चुना ९ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के. जस्त ०.४८, लोह ३.९, मँगनीज ६.१, तांबे १.३, बोरॉन ०.७ (सगळे पीपीएममध्ये).

माझ्याकडे मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आहे. लेबलवर जस्त ३, लोह २.५, मँगनीज १, तांबे १, बोरॉन ०.५, मॉलिब्डेनम ०.१ टक्के. लिटरला ५ मिली सांगितलंय. विचार असा आहे की हे, ००:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) आणि अळीचं औषध एकाच पंपात घालून एका फवारणीत काम उरकावं. बरोबर होईल का? आणि उतारा किती टक्के वाढेल असं धरावं? कोणी म्हणतं पंधरा, कोणी पंचवीस.

हिरवागार

बिनधास्त मारा. माझंही असंच पिवळं पडलं होतं, पाऊस थांबल्यावर फवारणी केली आणि आठवड्याभरात शेत हिरवंगार. डोळ्यांनी बघितलंय. नाव काय उगाच ठेवलंय मी?

जुना_नमुना

तिफण, आकडे दिलेत म्हणून लिहिते. एरवी "पिवळं पडलंय, काय मारू" एवढ्यावर मी उत्तर देत नाही. मातीच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलंय माझं.

तुमच्या शेतात दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोघांना एकच गोळी द्यायला निघालात.

पहिलं, सखल भागातलं पिवळेपण. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरांची जाळी हिरवी, चुनखडीची जमीन, वरून सततचा पाऊस: ही लोहाची कमतरता. पण लोह जमिनीत नाही असं समजू नका. वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात हेक्टरी साधारण वीस लाख किलो माती असते. त्यात ३ टक्के लोह धरलं, आणि काळ्या जमिनीत ते सहज असतं, तर साठ हजार किलो लोह तुमच्या पायाखाली आहे. सामू एक अंकाने वाढला की त्या लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते, म्हणून ते हाती लागत नाही. सोयाबीनचं मूळ यावर उपाय करतं: आम्ल सोडतं आणि मुळाच्या पृष्ठभागावरच लोहाचं रूप बदलून ते आत घेतं. पाणी साचलं की मातीतला कर्बवायू बाहेर पडत नाही, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार होतं आणि मुळाने सोडलेलं आम्ल जागच्या जागी मरतं. म्हणून पिवळेपण सखल भागात, आणि म्हणून पावसानंतर.

आता हिरवागार यांच्यासाठी. पाऊस थांबला, वाफसा आला, मातीत हवा खेळायला लागली की बायकार्बोनेट कमी होतं आणि बरंचसं पीक आपोआप हिरवं होतं. लागतो तोही आठवडा-दहा दिवसच. तुम्ही फवारणी कधी केलीत? पाऊस थांबल्यावर. हिरवं कशाने झालं हे तुम्हाला कसं कळलं? न फवारलेला पट्टा ठेवला होता का? नसेल तर श्रेय बाटलीलाही देता येत नाही आणि उन्हालाही. मी तुमचं निरीक्षण खोटं म्हणत नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे एवढंच.

दुसरं, उंचवट्यावरचं बुटकं पीक. जस्त ०.४८ आहे. डीटीपीए चाचणीत (धातू पकडून ठेवणाऱ्या या रसायनाने मातीतलं पिकाला मिळण्याजोगं जस्त, लोह वगैरे काढून मोजतात) ०.६ ही जस्ताची सर्रास धरली जाणारी सीमारेषा. ही चाचणी लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये मांडली, तीही मुख्यतः तुमच्यासारख्या उदासीन ते चुनखडीच्या जमिनींसाठीच. ०.६ च्या खाली, वर सामू ८.२, म्हणजे जस्ताला पीक प्रतिसाद देईल अशी शक्यता चांगली. पेरे जवळजवळ, पानं लहान, शिरांमधला भाग फिकट किंवा तांबूस झालाय का ते बघा. पण एक विचारते: नमुना गोळा करताना बादली कसली होती? पत्र्याची, जस्ताचा मुलामा असलेली वापरली तर जस्ताचा आकडा वर जातो. म्हणजे तुमचं खरं जस्त ०.४८ पेक्षाही कमी असू शकतं. आणि नमुना ओव्हनमध्ये वाळवला असेल तर लोह आणि मँगनीजचे आकडे फुगतात, ते सावलीत हवेवर वाळवायचे असतात.

मँगनीज ६.१, सीमा २ च्या आसपास. तांबे १.३, सीमा ०.२. बोरॉन गरम पाण्याच्या चाचणीत ०.५ च्या वर आहे. या तिघांची तुम्हाला गरज नाही. मॉलिब्डेनम तर सामू वाढला की उलट जास्त उपलब्ध होतं, ते सोडूनच द्या.

आता बाटलीचा हिशेब. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरलं तर ५ मिलीप्रमाणे अडीच लिटर द्रावण जातं. त्यात जस्त सुमारे ७५ ग्रॅम, लोह साठ-बासष्ट ग्रॅम, बोरॉन साडेबारा ग्रॅम. हेक्टरी अडीच टन सोयाबीनच्या दाण्यातच शंभर ग्रॅमच्या आसपास जस्त निघून जातं. बोरॉन ज्यांना खरंच कमी असतं, ते फवारणीत हेक्टरी शंभर ते अडीचशे ग्रॅम देतात. साडेबारा ग्रॅम म्हणजे लेबलवर नाव यावं म्हणून. सहा अन्नद्रव्यं घातली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतं, आणि तुम्हाला हवं ते एकच आहे.

तिफण

ताई, बादली पत्र्याचीच होती. म्हणजे जस्त आणखी कमीच समजू.

एक गोष्ट लिहायची राहिली. सखल भागात सगळं पिवळं आहे, पण पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरची चाकं जिथून गेली त्या दोन ओळींच्या पट्ट्यात झाडं हिरवी आहेत. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ हिरवी रेघ दिसते. खत तिथे जास्त पडलं असेल का?

आणि टक्क्यांचं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत.

जुना_नमुना

ती हिरवी रेघ बघून मला फार बरं वाटलं, कारण याहून चांगला पुरावा मी मागितला नसता. खत जास्त पडलेलं नाही. चाकाखाली माती दाबली गेली, तिथे हवा कमी, म्हणून नायट्रेट (नत्राचं एक रूप) कमी तयार होतं आणि जे असतं त्यातलं बरंचसं वायू होऊन उडून जातं. मातीत नायट्रेट जास्त असेल तर सोयाबीनचं लोहाचं पिवळेपण वाढतं: मूळ नायट्रेट आत घेताना बायकार्बोनेट बाहेर टाकतं, आणि पानात पोचलेलं लोहही नीट वापरलं जात नाही. चुनखडीच्या जमिनीत पिवळ्या सोयाबीनमधल्या या हिरव्या चाकोऱ्या अमेरिकेच्या मिनेसोटा, नॉर्थ डकोटा भागातही ओळखीच्या आहेत. तेव्हा पिवळं दिसतंय म्हणून युरिया टाकायचा मोह होईल, तो अजिबात नको. आग विझवायला तेल ओतल्यासारखं होईल.

मात्र पुढच्या वेळी मुद्दाम माती दाबत बसू नका, नाहीतर कोणीतरी रोलर फिरवेल आणि माझं नाव सांगेल.

टक्क्यांबद्दल: देणार नाही. कमतरता किती खोल आहे त्यावर प्रतिसाद ठरतो. जस्त ०.३ असलेल्या शेतात फरक लांबून दिसेल, ०.९ च्या शेतात वजनकाट्यालाही दिसणार नाही, औषध तेच. अमेरिकेत २०१९ आणि २०२० मध्ये १६ राज्यांत मिळून सोयाबीनवर पानांतून द्यायच्या खतांच्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा की उत्पादन क्वचितच वाढलं. त्या चाचण्यांतल्या पिकांत कमतरतेची लक्षणं बहुतेक नव्हतीच, म्हणून त्यावरून "फवारणी निरुपयोगी" असं मी म्हणणार नाही. पण धडधाकट पिकावर विमा म्हणून बाटली मारणाऱ्यांना तो निकाल पुरेसा आहे.

फुलगळ थांबेल, शेंगा वाढतील असंही लेबलवर असेल. सोयाबीन हे मुळात भरमसाट फुलं काढून त्यातली अनेकदा निम्म्याहून जास्त गाळणारं पीक आहे. गळलेली फुलं बघून बोरॉन कमी आहे असं ठरवू नका. आणि बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं, सोयाबीन त्याबाबतीत नाजूक आहे. ०.७ असताना वरून "थोडं जास्त" घालणं म्हणजे पानांच्या कडा जाळून घेणं.

आम्लमाती

मॉलिब्डेनम सोडून द्या म्हणालात ते चुनखडीच्या जमिनीला ठीक. आमच्याकडे सामू ५.३, तिथे चित्र उलटं आहे. आमचं सोयाबीन सगळीकडून फिकट होतं, जुन्या पानांपासून, नत्र कमी असल्यासारखं. मुळं उपटली तर गाठी होत्या, पण कापल्यावर आतून फिकट, गुलाबी नाहीत. हवेतलं नत्र बांधणाऱ्या विकराला मॉलिब्डेनम लागतं आणि आम्ल जमिनीत ते मातीला घट्ट चिकटून बसतं. ब्राझीलमध्ये एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी १२ ते २५ ग्रॅम मॉलिब्डेनम आणि २ ते ३ ग्रॅम कोबाल्ट अशी आहे. किलो नाही, ग्रॅम! चुना टाकून सामू वाढवला तरी बराच प्रश्न सुटतो.

बियाण्याला लावायचं तर सांभाळून. मॉलिब्डेनमचे क्षार आणि रायझोबियम (गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) एकत्र चोळले की जिवाणू मरतात. आम्ही जिवाणू बियाण्याला लावतो आणि मॉलिब्डेनम तीन ते पाच त्रिदल पानांवर असताना फवारतो.

जुना_नमुना

अगदी बरोबर, आणि गाठ कापून बघणं तिफण यांनीही करावं, फुकटची तपासणी आहे.

हिरवागार

ठीक आहे, पट्टा ठेवला नव्हता हे खरं. पण मग चिलेटेड लोह विकतात ते कशासाठी? ते तरी चालेल ना? माझ्या बाटलीवर "चिलेटेड" लिहिलंय.

जुना_नमुना

चिलेट म्हणजे धातूला पकडून विरघळलेला ठेवणारं रसायन. कुठलं चिलेट ते वाचा. ईडीटीए असेल तर जमिनीत सामू साडेसहाच्या वर गेला की ते लोहाला सोडून कॅल्शियमला धरतं. म्हणजे चुनखडीच्या जमिनीत ओतलं तर पैसे मातीत, शब्दशः. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत तग धरतं. ८.२ ला टिकणारं ईडीडीएचए, आणि त्यातही "ऑर्थो-ऑर्थो" भाग किती टक्के आहे ते बघायचं, कारण मातीत खरं काम तोच करतो. द्रावण गडद लाल रंगाचं असतं. ते पेरणीच्या वेळी बियाण्याच्या ओळीत द्यायचं असतं, पीक पिवळं झाल्यावर फवारायला नाही. महाग असतं, म्हणून फक्त शेताच्या वाईट भागात.

जस्ताचं ईडीटीए मात्र फवारणीला चालतं. लोहाची अडचण जस्ताला तशीच्या तशी लावू नका.

आणि या सगळ्याच्या आधी वाण. लोहाचं पिवळेपण सहन करणारा वाण सखल भागात पेरणं हा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे. एकाच शेतात, एकाच पावसात दोन वाण शेजारी शेजारी एक पांढरा आणि एक हिरवा दिसतो, इतका फरक असतो. तिफण, पुढच्या हंगामासाठी पिवळ्या भागाचा कच्चा नकाशा आत्ताच काढून ठेवा. ती जागा दर वर्षी बहुधा तीच असते. डीटीपीएच्या लोहाच्या आकड्यापेक्षा मुक्त चुना, क्षारता आणि हा नकाशा जास्त खरं सांगतात.

तिफण

समजलं. मग आत्ता नेमकं काय करू? आणि लोह की मँगनीज याची खात्री कशी करायची? मला दोन्ही पिवळेपणं सारखीच दिसतात.

जुना_नमुना

दिसतात सारखीच, मलाही फोटोवरून फसायला होतं. मँगनीजमध्ये शिरेच्या बाजूचा हिरवा पट्टा जरा रुंद असतो, लोहात शिर तेवढी बारीक हिरवी. पण नजरेवर कशाला विसंबायचं? सोयाबीनच्या पानाला तीन पर्णिका देवाने प्रयोगासाठीच दिल्यात. पिवळं त्रिदल पान निवडा. एका पर्णिकेवर कुंचल्याने अर्धा टक्का फेरस सल्फेट लावा, दुसरीवर अर्धा टक्का मँगनीज सल्फेट, तिसरी कोरी ठेवा. द्रावणात साबणाचा एक थेंब, नाहीतर पाणी लवेवरून ओघळून जातं. पाच-दहा झाडांवर करा, दोऱ्याने खूण बांधा. चार ते सहा दिवसांत ज्या पर्णिकेवर हिरवे ठिपके उमटतील ते अन्नद्रव्य कमी. माझी पैज लोहावर आहे.

सखल भागात पाणी काढून द्या, हे पहिलं. वाफसा आल्यावर कोळपणी करा, हवा खेळेल. एवढ्याने नवीन पान हिरवं येऊ लागलं तर थांबा. नाहीच आलं तर तेवढ्याच भागावर अर्धा टक्का फेरस सल्फेट आणि लिटरला एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, द्रावण ताजं. तपकिरी झालं तर ते लोह कामातून गेलं. लोह पानातून पुढे सरकत नाही, त्यामुळे फवाऱ्यानंतर आलेलं पान पुन्हा पिवळं येऊ शकतं आणि फवारा पुन्हा द्यावा लागतो. उताऱ्यात त्याचा परतावा बेभरवशाचा आहे हे आधीच सांगते.

जस्त सगळ्या शेतावर. हेप्टाहायड्रेट झिंक सल्फेट, २१ टक्के जस्ताचं, अर्धा टक्का, त्यात निम्मा चुना, म्हणजे पाव टक्का. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ३७ ग्रॅम कळीचा चुना विरवून, त्याची फक्त वरची निवळी. चुना न घालता मारलं तर पानं करपायची भीती. दहा-पंधरा दिवसांनी दुसरा फवारा. हेक्टरी ५०० लिटरमागे एका फवाऱ्यात सव्वापाचशे ग्रॅम जस्त जातं, बाटलीतल्या ७५ शी ताडून बघा. पुढच्या पेरणीआधी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या. त्यात सव्वापाच किलो जस्त येतं आणि पीक दर हंगामी काही शे ग्रॅमच उचलतं, त्यामुळे दर वर्षी टाकायची गरज नाही. दोन-तीन हंगामांनी माती तपासून ठरवा. स्फुरद आणि जस्त एकाच ओळीत एकावर एक नको.

००:५२:३४ या पंपात नकोच. फॉस्फेट आणि जस्त भेटले की झिंक फॉस्फेटचा साका बसतो, नोझल तुंबतं आणि पिकाला दोन्ही मिळत नाहीत. चुन्याच्या निवळीबरोबर अळीचं औषधही नको, बरीचशी कीटकनाशकं अल्कधर्मी पाण्यात फुटतात. म्हणजे एका फवारणीत काम उरकायचं नाही, हे तुम्हाला आवडणार नाही.

तिफण

नाही आवडलं, पण पटलं. पट्टा किती मोठा ठेवू? एक कोपरा सोडला तर चालेल?

जुना_नमुना

कोपरा नको. कोपऱ्यात सावली, बांध, फिरलेला ट्रॅक्टर, सगळे गोंधळ असतात. फवाऱ्याच्या रुंदीचे, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टे घ्या: फवारलेला, न फवारलेला, फवारलेला, न फवारलेला. निदान तीन-तीन. पिवळा आणि हिरवा भाग दोन्ही प्रत्येक पट्ट्यात यायला हवा. न फवारलेल्या पट्ट्यावरही तेवढंच साधं पाणी मारलंत तर उत्तम. कापणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या ओळीच घ्या, वेगळं मळा, वेगळं तोला, आणि दाण्यातला ओलावा मोजा. १३ टक्क्यांवर आणायला वजनाला (१०० वजा ओलावा) ने गुणून ८७ ने भागा. फवारलेलं पीक कधी कधी जरा उशिरा वाळतं, मग ओलाव्याचंच वजन उतारा म्हणून मोजलं जातं. तीनही जोड्यांत फवारलेला पट्टा जड भरला तर माना. एकात जड, दोनात हलका असं आलं तर तो शेताचा उंचसखलपणा बोलतोय.

हिरवागार

मीही या वेळी दोन पट्टे सोडतो. बघूच. ताई, पानं तपासायला द्यायची तर कुठलं पान आणि कधी?

जुना_नमुना

दोन नाही, तीन. फुलोऱ्याच्या सुरुवातीला, शेंगा धरायच्या आधी. शेंड्याकडून पहिलं पूर्ण उघडलेलं त्रिदल पान, देठ काढून. तीस-चाळीस झाडांवरून एकेक. पिवळ्या भागाची पिशवी वेगळी, हिरव्याची वेगळी. दोघांची तुलना हाच खरा अहवाल असतो. कागदी पिशवी वापरा, प्लास्टिकमध्ये पानं कुजतात. जस्त २० पीपीएमच्या खाली आलं तर कमतरता नक्की धरा. लोहाचा आकडा मात्र पिवळ्या पानातही पुरेसा येऊ शकतो, कारण आत आलेलं लोह निकामी पडून असतं. तो बघून गोंधळू नका.

आणि हे फवारणीच्या आधी, नंतर नाही. फवारलेलं पान कितीही धुतलं तरी प्रयोगशाळा पानावरचंच जस्त मोजते.